घोड्याचा पाय ओढून टेंडन वाचत नाही

परवा रात्री भाचीने एक मेसेज पाठवला. तिच्या तबेल्यात तो जवळपास प्रत्येकाच्या फोनवर फिरतोय. मथळा आहे 'घोड्याला आयुष्यभर दुखापत होऊ न देणारं दहा मिनिटांचं स्ट्रेचिंग'. म्हणणं असं: सकाळी घोडा ठाणावर उभा असतानाच चारही पाय ताकदीने ओढा, म्हणजे टेंडन्स (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) लांब होतात आणि मग कधी फाटत नाहीत. मागचा पाय जाईल तेवढा मागे न्या. घोडा लंगडत असेल तर त्याच पायाला जास्त ताण द्या. हे केलं की वॉर्मअपची गरज उरत नाही, खेळाडूही हेच करतात. सांधा 'कट्' वाजला म्हणजे जागेवर आला. शेवटी गाजर दाखवून मान दोन्हीकडे वळवा, पाठ मजबूत होते. खाली भाचीची ओळ होती: "मावशी, मी कालपासून सुरू केलंय."

या शेवटच्या ओळीमुळे मी हे लिहायला बसले.

आधी टेंडन, कारण सगळा मेसेज त्याच चुकीवर उभा आहे. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली आणि मागच्या पायात हॉकखाली (हॉक म्हणजे मागे टोक आलेला मधला सांधा) स्नायू जवळपास नसतातच. हाडं, टेंडन्स, हाडाला हाड बांधणारी लिगामेंट्स आणि वर कातडी, बस. नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या, मागून हात फिरवला की जाड दोरीसारखं काही लागतं. त्यात सगळ्यात बाहेरचं ते सुपरफिशियल फ्लेक्सर टेंडन. वेगाने धावणाऱ्या घोड्यांमध्ये हेच सर्वांत जास्त वेळा जखमी होतं. त्याचं काम स्प्रिंगचं आहे. टाप जमिनीवर पडते, अंगाचा भार येतो, फेटलॉक, म्हणजे खुराच्या वरचा सांधा, खाली दबतो आणि टेंडन ताणलं जातं. पाय उचलताना तीच साठलेली ताकद घोड्याला परत मिळते. भरधाव वेगात एका पुढच्या पायावर घोड्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याच्या एका पायावर एक टनाच्या वर. त्या क्षणी टेंडन आपल्या लांबीच्या १० टक्क्यांहून अधिक ताणलं जातं आणि तुटण्याच्या मर्यादेजवळ पोचतं. त्याच्या गाभ्याचं तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचं मोजलं गेलंय.

आता तोच पाय उचलून हातात घ्या आणि नळीच्या मागे बोटं लावा. टेंडन सैल पडलेलं असतं, बोटांनी इकडेतिकडे हलवता येतं. पायावर भारच नाही तर ते ताणलं जाणार कसं? तुम्ही पाय पुढे ओढता तेव्हा ताण जातो वर, खांद्याच्या आणि छातीच्या स्नायूंवर. म्हणजे जे वाचवायचं म्हणून हा सगळा खटाटोप, त्याला तुमचा हात पोचतच नाही. आणि पोचला असता तरी काय मिळालं असतं? ताणून ढिलं केलेलं स्प्रिंग कोणाला हवंय? टेंडन फाटतं ते बहुतेकदा आत साचत गेलेल्या बारीक इजांमुळे. वय, वेग, खराब जमीन आणि दमलेल्या घोड्याला आणखी एक फेरी मारायला लावणं ही त्यामागची कारणं. काम हळूहळू वाढवा, खुरांचा समतोल राखा, घोडा दमला की थांबा. टेंडन यानेच वाचतं, आणि हे दहा मिनिटांत होत नाही.

मागच्या पायाचा मुद्दा मात्र नुसता चुकीचा नाही, तो इजा करणारा आहे. घोड्याचा स्टायफल (मागच्या पायाचा गुडघा) आणि हॉक हे दोन सांधे एकमेकांना बांधलेले असतात, एक वाकला की दुसरा वाकतोच. हॉकच्या पुढच्या बाजूने ही बांधणी करणारी दोरी म्हणजे पेरोनियस टर्शियस. स्टायफल वाकलेला असताना हॉक जबरदस्तीने सरळ झाला तर ही दोरी तुटते. पाय कुठे अडकला आणि घोड्याने तो हिसडून ओढला की नेमकं हेच होतं. मग तुम्ही पाय घट्ट धरून 'जाईल तेवढा' मागे खेचताय आणि घोडा घाबरून हिसका देतोय, यात वेगळं काय घडतं? तुटली तर घोड्याला काही महिने विश्रांती. आणि हे करणारा माणूस त्या वेळी उभा कुठे असतो? लाथेच्या टप्प्यात, तीन पायांवर तोल सांभाळणाऱ्या घोड्याच्या मागे.

लंगडणाऱ्या पायाला ताण द्यायचा, हे वाचून तर मी भाचीला तिथल्या तिथे फोन लावला. तिचा घोडा आदल्या दिवसापासून डावा पुढचा पाय जपून टाकत होता, म्हणून ती त्या पायाला 'जास्त ताण' देत होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, खूर चिमट्याने दाबून पाहिला, थोडं तासलं आणि काळा पू बाहेर आला. खुरातलं गळू. दुखत होतं तळाला आणि ओढला जात होता खांदा. लंगडणं म्हणजे आखडणं नव्हे. ते दुखण्याचं लक्षण आहे, आणि दुखणं खुरात, सांध्यात, टेंडनमध्ये, पाठीत, खोगिराखाली कुठेही असू शकतं. एक अवस्था तर याहून वाईट: कामानंतर घोडा मागून लाकडासारखा ताठ झाला, घामेजला, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे लागले, लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर स्नायूच तुटत असतात. अशा घोड्याला ताणायचं नाही, चालवायचंही नाही. डॉक्टर येईपर्यंत जागचा हलवायचा नाही.

वॉर्मअपची गरज नाही म्हणे! स्नायू गरम होतात ते स्वतः काम केल्याने. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो आणि घोडा कामाला लागला की तो रक्तात येतो. ठाणावर उभ्या घोड्याचा पाय कोणी धरून ठेवला म्हणून हे होत नाही. दहा-पंधरा मिनिटं मोकळी चाल, मग सावकाश दुडकी, मोठी वर्तुळं. याला पर्याय नाही. खेळाडूंचं म्हणाल, तर २००० साली ऑस्ट्रेलियात १,५३८ नव्या सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यायामाआधी ताण देणाऱ्यांच्या पायांच्या दुखापती न देणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी झाल्या नाहीत. आणि 'कट्' आवाजाचं एवढंच, की आवाजावरून सांधा जागेवर आला की नाही हे ठरत नाही.

पायांना ताण कधीच देऊ नये असंही मी म्हणत नाही. काम झाल्यावर, अंग गरम असताना, घोडा स्वतः सैल सोडेल तेवढाच पाय हलकेच पुढे धरला तर बिघडत नाही, बऱ्याच घोड्यांना ते आवडतंही.

आता गाजर. हा मुद्दा मला मान्य करावा लागतो, कारण त्यामागे खरं काम आहे. संशोधक नॅरेल स्टब्स, हिलरी क्लेटन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये इक्वाइन व्हेटरिनरी जर्नलमध्ये अभ्यास छापला. आठ घोडे, आठवड्यातून पाच दिवस, खाऊ दाखवून मान वळवण्याचा प्रत्येक व्यायाम पाच वेळा, तीन महिने, आणि या काळात स्वारी बंद. शेवटी अल्ट्रासाउंडवर पाहिलं तर मणक्यांना लागून असलेला मल्टिफिडस स्नायू जाड झाला होता. पाठीचे मणके स्थिर धरणारा स्नायू तो हाच. घोडे फक्त आठ होते, तरी मोजमाप नीट केलेलं आहे. यात कोणी घोड्याला ओढलं नाही, प्रत्येक हालचाल घोड्याने स्वतः केली. मेसेजने मात्र ही गोष्ट शेवटी एका ओळीत उरकली आणि पाय ओढण्याला पाच मुद्दे दिले.

भाचीला मी एवढंच लिहून पाठवलं: खुराचं गळू पूर्ण बरं होऊ दे, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सुरू कर. घोडा भिंतीलगत, न घसरणाऱ्या जमिनीवर उभा कर. गाजर आधी छातीशी, मग गुडघ्यांच्या मधे, मग फेटलॉककडे. त्यानंतर तंगाशी (खोगिराचा पट्टा पोटाखाली बांधतात तिथे), कुशीशी, हॉककडे, दोन्ही बाजूंनी. जिथे पोचेल तिथे काही सेकंद थांबव आणि गाजर खाऊ दे. हॉल्टर (तोंडावरची मोहरकी) धरून मान वळवू नकोस. एका बाजूला सारखा कमी पोचत असेल तर ओढून पुरं करू नकोस, कुठे अडतो ते लिहून ठेव आणि डॉक्टरांना दाखव.