दिव्यांग मुलगा आईजवळ राहतो म्हणून पेन्शन कापत नाहीत, त्याला कागदावर घराबाहेर काढू नका

सध्या इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, वर लाल घंटा, खाली हात जोडलेले. मलाही इकडून तिकडून आला होता, मी सोडून दिला, कारण असल्या मेसेजना उत्तरं देत बसलं तर घरातली कामं कोण करणार. पण मग मावशीचा फोन आला. "अगं, दादाला वेगळा दाखवायचाय म्हणे. कागदावरच गं, राहील माझ्याकडेच. कियोस्कवाल्याला पाचशे देऊन आलेय."

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. वय छत्तीस, सेरेब्रल पाल्सी, सर्टिफिकेटवर ८५ टक्के. पाण्याचा पेला आपल्या हाताने धरता येत नाही. आणि हा आता कागदावर स्वतंत्र कुटुंबाचा मुखिया होणार होता! तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं.

मेसेज थोडक्यात असा. "एस.एस.आय. नियमानुसार" १ एप्रिलपासून जो दिव्यांग नातेवाइकांच्या घरी राहतो आणि तिथेच जेवतो त्याची पेन्शन एक तृतीयांश कापणार. ते टाळायचं तर त्याची वेगळी समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-नोंदणीचा नंबर) काढा आणि घरच्यांशीच भाडेकरार करा. खात्यात २००० च्या वर शिल्लक दिसली की पेन्शन रद्द. ३० दिवस बाहेरगावी गेला की बंद. लग्न केलं की कमी. संस्थेत ठेवलं तर मात्र पूर्ण मिळेल. आणि शेवटी ते नेहमीचं, प्रत्येक दिव्यांगाच्या घरी पोहोचवा.

गंमत अशी की यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत. फक्त त्या अमेरिकेतल्या आहेत.

तिकडे एसएसआय नावाची सरकारी मदत आहे, सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम, १९७४ पासून चालू आहे, गरीब वृद्ध आणि दिव्यांगांसाठी. तिच्यात तुम्ही कोणाच्या घरी राहता हे खरंच विचारतात. दुसऱ्याच्या घरात राहून राहणं-खाणं सगळं त्यांच्याच जिवावर असेल तर मूळ रकमेतून एक तृतीयांश कापतात. २०२५ मध्ये ती रक्कम एकट्या माणसाला महिन्याला ९६७ डॉलर होती, म्हणजे कपात साधारण ३२२ डॉलरची. मालमत्तेची मर्यादा एकट्याला २००० डॉलर, १९८९ पासून तीच आहे. देशाबाहेर सलग ३० दिवस राहिलात की पैसे थांबतात. नवरा-बायको दोघंही एसएसआयवाले असले तर दोघांना मिळून त्याच वर्षी १४५० होते, दोन वेगळ्या माणसांना मिळाले असते त्याहून बरेच कमी. आता मेसेज पुन्हा वाचा. एक तृतीयांश, २०००, ३० दिवस, लग्न, सगळं तिथलंच उचललेलं. कोणीतरी डॉलरचं चिन्ह पुसलं, देशाच्या जागी गाव टाकलं, समग्र आयडी घुसवली आणि दिलं पाठवून.

बरं, उचललं तेही शिळं. ३० सप्टेंबर २०२४ पासून एसएसआयमध्ये फुकट मिळालेलं जेवण उत्पन्न म्हणून धरणं बंद झालंय. आई जेवू घालते एवढ्याच कारणाने आता अमेरिकेतही पैसे कापत नाहीत, तिथे आता निवाऱ्याचा हिशोब उरलाय. म्हणजे जो नियम तिकडच्यांनीच सैल केला तो आपण इथे नवीन म्हणून वाटतोय.

आता इथलं. दादाला मिळते ती इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन, २००९ पासूनची केंद्राची योजना. अटी सरळ आहेत, वय १८ च्या पुढे, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त, आणि कुटुंब बीपीएल. केंद्राचे ३०० आणि राज्य आपले घालतं, मध्य प्रदेशात हातात ६०० येतात. कोणाच्या पंगतीला जेवता, खोली कोणाची, भाडं देता का, या गोष्टी पात्रतेत कुठेच येत नाहीत. आणि जरा विचार करा ना, ६०० चा एक तृतीयांश म्हणजे २०० रुपये. हे २०० कापायला सरकार घरोघर ताटं मोजत फिरणार का?

(मध्य प्रदेशात बौद्धिक दिव्यांग आणि बहुविकलांगांसाठी आर्थिक सहाय्याची वेगळी योजनाही आहे, ती सहा वर्षांच्या वरच्या मुलांनाही मिळते. आणि पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांनी पाठवलेलं संजय गांधी निराधारवालं जे काही असतं ते महाराष्ट्राचं आहे, त्याचे आकडे आणि अटी इंदूरच्या महापालिकेच्या झोन ऑफिसात नेऊन भांडू नका.)

आता मला सगळ्यात जास्त संताप ज्याचा आला ते, वेगळी समग्र आयडी.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, समग्रमध्ये कुटुंबाचा नंबर आठ आकडी असतो आणि प्रत्येक माणसाचा नऊ आकडी. आपल्याकडे रेशनची पात्रता पर्ची त्या कुटुंबाच्या नंबरावर निघते. मावशीची पर्ची मी स्वतः पाहिली, पातळ कागद, घडीवर फाटत आलेला, मागून सेलोटेप लावलेला, त्यावर तीन नावं, मावशी, काका आणि दादा. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो. दादाचं नाव तिथून काढलं की पहिल्यांदा त्याचे पाच किलो जातात. मग तुम्ही म्हणाल नवीन कुटुंबाची नवीन पर्ची काढू. काढा ना. अर्ज, पडताळणी, आज सर्व्हर डाऊन, उद्या बाबू सुट्टीवर, आणि तोवर ई-केवायसीत अंगठा कोणाचा लावणार, ज्याची मूठच नीट उघडत नाही त्याचा?

पण खरा घोळ पुढे आहे. बीपीएलचा नंबर कुटुंबाला असतो. काकांची मिल बंद पडली त्यानंतर कधीतरी सर्व्हेत या घराचं नाव बीपीएलमध्ये आलं, या घराचं, एकट्या दादाचं नाही. दादाला नवीन कुटुंबात टाकलं की तो नंबर आपोआप त्याच्यामागे जात नाही. आणि ही पेन्शन बीपीएलवरच उभी आहे. म्हणजे पेन्शन वाचवायला जो उपाय सांगितलाय त्यानेच पेन्शन जायची पाळी. २०० वाचवायला निघाले आणि ६०० घालवून बसले असते! हे मी मावशीला सांगितलं तर ती गप्प, मग म्हणाली, "पण तो कियोस्कवाला मुलगा म्हणाला सगळे करून घेतायत." अर्थात म्हणेल, त्याला प्रत्येक एंट्रीचे पाचशे मिळतायत.

आणि भाडेकराराचं तर काय बोलायचं. हीसुद्धा अर्धी ऐकलेली अमेरिकन गोष्ट. तिकडे घरखर्चातला आपला वाटा खरोखर दिला तर ती तृतीयांशाची कपात लागत नाही, म्हणून तिथले लोक पालकांना खरंच भाडं देतात आणि कागद जपून ठेवतात. इथे कपातच नाही तर करार कशासाठी? ज्या मुलाचं खातं आई चालवते त्याने आईशी भाडेकरार करायचा, सही कोण करणार, साक्षीदार कोण, वर स्टॅम्प पेपरचा खर्च. आणि खोटी माहिती देऊन घेतलेला सरकारी पैसा पुढे वसूल होऊ शकतो, त्या वेळी मेसेज पाठवणारा काही भरायला येणार नाही. अजून एक. मावशीचं वय सत्तरच्या पुढे, आज ना उद्या दादाचं कायदेशीर पालकत्व करावं लागणार. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, बहुविकलांगत्व यांच्यासाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ते कलेक्टर असलेल्या स्थानिक समितीकडून होतं. उद्या तिथे गेल्यावर कागद काय सांगणार, की हा मुलगा आईपासून वेगळा राहतो, तिचा भाडेकरू आहे?

संस्थेत ठेवलं तर पूर्ण पेन्शन, हा मुद्दा तर अमेरिकेतसुद्धा उलटा आहे. तिथे मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या, खर्चाने नर्सिंग होममध्ये पूर्ण महिना राहणाऱ्याला एसएसआयचे साधारण ३० डॉलर हातखर्चाला उरतात. म्हणजे ज्याने कोणी हे लिहिलं त्याला नक्कलही नीट जमली नाही. पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. ज्या घरात म्हातारे आईबाप थकलेत आणि भाऊ-भावजय टाळाटाळ करतायत तिथे हे एक वाक्य काय काम करेल याचा विचार पाठवणाऱ्याने केला का?

आपल्या कायद्यात याचं उत्तर लिहिलेलं आहे. दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६, कलम ५. दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि त्याला अमुक एका प्रकारच्या राहण्याच्या व्यवस्थेतच राहावं लागू नये असा प्रयत्न सरकारने करायचा आहे, शिवाय घरच्या घरी मदत, आधार-सेवा मिळवून द्यायच्या आहेत. आईजवळ राहतोस म्हणून पैसे कमी आणि संस्थेत गेलास तर पूर्ण, असला नियम उद्या कोणी काढलाच तर तो या कलमासमोर कसा टिकेल ते मला तरी दिसत नाही. मी ग्रुपवर हे कलम टाकलं. उत्तर आलं, "ताई, सावध राहायला काय हरकत आहे." हरकत आहे ना, पाचशे रुपयांची!

बाकीचे मुद्दे पटापट. खात्यात २००० च्या वर शिल्लक नको, हा इथला नियमच नाही. मावशीने भीतीने दादाच्या खात्यातून पैसे काढून डाळीच्या डब्यात ठेवले होते, ते परत भरायला लावले. लग्नाचं म्हणाल तर आपल्याकडे दिव्यांग व्यक्तीशी लग्न केलं तर राज्य सरकार उलट प्रोत्साहन रक्कम देतं. ३० दिवस बाहेरगावी गेलं तर बंद, असंही काही नाही, दादाला खुशाल उज्जैनला आत्याकडे न्या.

आता एक गोष्ट मान्य करावी लागेल, मनात नसलं तरी. कोणाबरोबर राहता याचा काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही. बीपीएल कुटुंबाची असते, म्हणजे एकाच समग्रमध्ये असलेल्या भावाला उद्या सरकारी नोकरी लागली तर अख्ख्या घराचं बीपीएल जाऊ शकतं आणि त्याच्यापाठी दिव्यांग भावाची पेन्शनही. हे अन्यायाचं आहे, कमावणारा भाऊ, आणि शिक्षा त्याला ज्याने नोकरीचं तोंड पाहिलं नाही. लोक वेगळी आयडी काढतात ती बरेचदा याच भीतीने, आणि ज्यांच्या घरात चुली खरंच वेगळ्या झाल्यात त्यांनी जरूर वेगळी काढावी, तो त्यांचा हक्क. पण आधी बीपीएल आणि रेशनचं काय होणार ते विचारून, आणि खऱ्या परिस्थितीवर. तसंच पत्ता बदलला, वार्ड बदलला तर तेही झोनमध्ये कळवा, कारण पेन्शनवाल्यांची पडताळणी होते, माणूस त्या पत्त्यावर सापडला नाही तर नाव अडकतं. मेसेजमधल्या ३० दिवसांपेक्षा याची काळजी करा.

मावशीचे पाचशे परत आणले. कियोस्कवाला म्हणे एंट्री अजून टाकलीच नव्हती, म्हणजे पैसे घेऊन बसला होता नुसता, आपल्या इंदुरी भिया लोकांचं असंच आहे.

आणि पेन्शनवरून ज्यांना खरंच तावातावाने फॉरवर्ड करायचंय त्यांना मी एक खरी गोष्ट देते. त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम २४ म्हणतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत ही इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा निदान २५ टक्के जास्त हवी. मध्य प्रदेशात वृद्ध पेन्शन ६००, दिव्यांग पेन्शनही ६००. कायद्याच्या हिशोबाने दादाला ७५० मिळायला हवेत. "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत" ही पळवाट त्या कलमात वरच ठेवलेली आहे, ती सरकार पुढे करणार हे मला माहीत आहे. केंद्राचे ३०० तर २०१२ पासून जागचे हललेले नाहीत. याबद्दल राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे, भोपाळला, साध्या कागदावर अर्ज करता येतो. मी मावशीच्या नावाने लिहिलाय, ज्यांना हवा असेल त्यांनी सांगा, मजकूर पाठवते, नाव आणि पेन्शनचा नंबर तेवढा आपला घालायचा.