उड्या मारणारा कोळी फ्रिजमध्ये ठेवू नये

नागपुरातील काही व्हॉट्सॲप गटांवर असा संदेश फिरत आहे की, उड्या मारणारे कोळी विषारी असून फोटो काढताना अंगावर झेप घेतात, म्हणून त्यांना आधी फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करावे. हे चुकीचे आहे. भक्ष्यापुरते विष त्यांच्याकडे असते, पण माणसाला त्यापासून धोका नाही. आणि मोबाइल जवळ नेल्यावर कोळी आपल्याकडे वळतो तो हल्ल्यासाठी नव्हे, तर हललेली वस्तू समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी निरखण्यासाठी. नागपुरातल्याच सेमिनरी हिल्स टेकडीवर सागाच्या पानावरील अशाच एका कोळ्याचा काळाभोर डोळा मोबाइलला क्लिपने लावलेल्या, बारीक गोष्टी मोठ्या दाखवणाऱ्या मॅक्रो लेन्समधून पाहता पाहता तपकिरी झाला, कारण डोळ्याचे बाहेरचे भिंग स्थिर असले तरी आतले दृष्टिपटल हलत होते. गारठून पाय आवळलेल्या जिवात हे कुठून दिसणार?

नागपूरच्या उन्हाळ्यात तर फोटो काढायला सकाळी सातच्या आधीच जावे. क्लिपच्या लेन्सचा फोकस काही सेंटिमीटरवरच जुळतो, त्यामुळे कोपर टेकवून मोबाइलच अलगद मागेपुढे सरकवावा. कोळी लेन्सवर उतरलाच, तर त्याला झटकू नये. पान समोर धरावे, तो स्वतःच परत जातो.