सात अंकांचं वर्तमानपत्र : एका वाचकाच्या टीकेला उत्तर

नमस्कार.

'एल देस्पेर्तादोर आमेरिकानो'वरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करतो. दुसऱ्यांदा वाचताना त्यातलं बरंचसं पटलं, म्हणूनच उत्तराला उशीर झाला. इतर वाचकांसाठी आधी एवढं : मेक्सिको स्पेनच्या ताब्यात असताना, १८१० मध्ये मिगेल इदाल्गो या पाद्र्याने बंड पुकारलं आणि त्या बंडखोरांनी गुआदालाहारा शहरातून हे पत्र काढलं. आता आपलं म्हणणं थोडक्यात सांगतो. चार आठवडे निघालेल्या सात अंकांच्या चोपड्याला 'वर्तमानपत्र' म्हणणं हास्यास्पद आहे. त्याचा संपादक पराभव होताच सरकारच्या पंगतीला जाऊन बसला आणि मी ते एका ओळीत उरकलं. आणि स्वातंत्र्याच्या या मुखपत्राला मी 'गोरगरिबांचा आवाज' म्हटलं, पण गोरगरिबांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

शेवटच्या मुद्द्यावर मी सपशेल माघार घेतो. पहिल्याच अंकात, म्हणजे २० डिसेंबर १८१० रोजी, संपादक हाक मारतो ती क्रिओल लोकांना, म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या स्पॅनिश वंशाच्या लोकांना. तीन शतकं ओढत असलेल्या साखळदंडांच्या आवाजाने तरी जागे व्हा, असं तो त्यांना विनवतो. नावातच 'जागं करणारा' आहे, पण जागं करायचं आहे ते वाड्यात झोपलेल्यांना. अंकाची किंमत दोन रेआल, म्हणजे त्या काळी मजुराची जवळपास दिवसभराची कमाई. इदाल्गोच्या मागे गुआदालाहारात आलेला जमाव बहुतांशी इंडियन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, आणि मिश्रवंशीय शेतमजुरांचा होता. त्यातल्या कितीजणांनी हा अंक विकत घेतला असेल, ते सांगायला नको.

माझी गफलत कुठे झाली तेही सांगतो. त्याच शहरात, त्याच महिन्यात इदाल्गोने जाहीरनामे काढले. ५ डिसेंबरच्या जाहीरनाम्यात इंडियन गावांच्या खंडाने दिलेल्या जमिनी त्यांना परत करायचा हुकूम आहे. ६ डिसेंबरच्या जाहीरनाम्यात मालकांनी दहा दिवसांत गुलाम मोकळे करावेत, नाहीतर देहदंड, असं बजावलं आहे. गोरगरिबांचं जे काही होतं ते या जाहीरनाम्यांत होतं. मी ते वर्तमानपत्राच्या खात्यावर जमा केलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण त्याच वाक्यात आपण त्याला 'स्वातंत्र्याचं मुखपत्र' म्हणता, तिथे थोडं थांबा. आज मागे वळून पाहताना तसं वाटतं खरं. प्रत्यक्ष पहिल्या अंकात भूमिका काय आहे? आता खरे स्पॅनिश आम्हीच, नेपोलियनचे हाडवैरी आम्हीच! तेव्हा माद्रिदच्या गादीवर नेपोलियनचा भाऊ बसला होता आणि राजा फेर्नांदो फ्रान्समध्ये नजरकैदेत होता. मेक्सिकोत राहणारे युरोपीय अधिकारी हा देश फ्रेंचांच्या घशात घालायला निघालेत, म्हणून त्यांच्याविरुद्ध उठा, असा हा युक्तिवाद. म्हणजे बंड करायचं, पण राजाच्या नावाने! मला हा भाग सगळ्यात मजेदार वाटतो, आणि मूळ लेखात त्याला दोन परिच्छेद द्यायला हवे होते. संपादक फसवत होता की त्याला खरंच तसं वाटत होतं, यावर वाद घालता येईल. माझ्या मते त्याला वाचक नीट ठाऊक होता. गुआदालाहाराचा खाऊनपिऊन सुखी क्रिओल वकील किंवा पाद्री 'राजा नको' हे ऐकून दार लावून घेईल, पण 'राजासाठी' म्हटलं तर निदान ऐकून घेईल, एवढा हिशेब त्यामागे दिसतो.

आता सात अंक. २० डिसेंबर १८१० ते १७ जानेवारी १८११. हिशेब आपला बरोबर आहे. पण वर्तमानपत्राची उंची अंक मोजून ठरवायची, तर आपल्या घरी येणारं लग्नपत्रिकांचं मासिक फार थोर ठरेल. (हा टोमणा आहे, माफ करा.) मला वाटतं, बघायला हवं ते हे की त्याच्या आधी त्या शहरात काय छापलं जात होतं. गुआदालाहारात छापखाना आला १७९३ मध्ये, मेक्सिको शहरात तो येऊन अडीचशे वर्षं झाल्यावर. आणणारा मारियानो वाल्देस हा राजधानीतल्या 'गाझेता दे मेहिको'च्या संपादकाचा मुलगा. त्याने छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत बिशप आल्काल्दे यांच्यावरची मृत्यूनंतरची स्तुतिपर भाषणं आहेत. तोच छापखाना पुढे होसे फ्रुतो रोमेरोकडे आला आणि सतरा वर्षांनी त्याच शहरात बंडखोरांचं पहिलं वर्तमानपत्र त्याने छापलं. बिशपच्या स्तुतीपासून इथपर्यंतचा हा प्रवास मला सात अंकांपेक्षा मोठा वाटतो.

राहिला या पत्राचा संपादक, फ्रान्सिस्को सेवेरो माल्दोनादो. आपल्या रागाचा खरा धनी तोच दिसतो. १७ जानेवारीला, म्हणजे शेवटच्या अंकावर जी तारीख आहे त्याच दिवशी, शहराच्या पूर्वेला काल्देरोनच्या पुलापाशी इदाल्गोच्या प्रचंड पण बहुतेक बिनबंदुकीच्या जमावाचा सरकारचा सेनापती कायेहा याच्या कवायती फौजेने धुव्वा उडवला. बंडखोरांच्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन वाळलं गवत पेटलं आणि पळापळ झाली. २१ तारखेला कायेहा शहरात शिरला. माल्दोनादोला माफी मिळाली. २७ मे १८११ रोजी 'एल तेलेग्राफो दे गुआदालाहारा' सुरू झालं, सरकारच्या बाजूचं, आणि संपादक तोच. चार महिन्यांपूर्वी ज्यांना जागं करत होता, त्यांच्याच बंडाला आता तो शिव्या घालत होता. याला आपण 'कोलांटउडी' म्हणालात. मी त्याहून सौम्य शब्द शोधणार नाही. पकडलेल्या बंडखोरांचं त्या वर्षी काय होत होतं हे माहीत असल्यामुळे मला त्याची भीती समजते, एवढंच. इदाल्गोला जुलैत चिवावात गोळ्या घातल्या.

पण या कोलांटउडीतच माझ्या लेखाचा मुद्दा आहे, आणि तो मी नीट मांडला नाही. १८१० पर्यंत गुआदालाहाराच्या सरकारला स्वतःचं वर्तमानपत्र काढायची गरज वाटली नव्हती. हुकूम काढला, चौकात दवंडी पिटली, काम झालं. सात अंकांनंतर त्यांना लोकांना पटवून द्यावं लागलं, तेही छापून, आणि त्यासाठी ज्याने पहिल्यांदा पटवलं होतं त्यालाच धरून आणावं लागलं. 'तेलेग्राफो' हे 'देस्पेर्तादोर'चंच पिल्लू आहे, बापावर भुंकणारं असलं तरी. हाच माणूस पुढे स्वतंत्र मेक्सिकोसाठी राज्यघटनेचे आराखडे लिहीत बसला आणि १८३२ मध्ये वारला. त्याचं मन कुठल्या बाजूला होतं याचा शोध मी सोडून दिला आहे.

एक गोष्ट मात्र आपणही काढली नाहीत आणि मी तर लिहिलीच नव्हती. अंक छापले जात होते त्याच आठवड्यांत कैदेतल्या युरोपीय स्पॅनिशांना रात्री शहराबाहेर नेऊन खटल्याशिवाय मारलं जात होतं. पुढे स्वतःच्या खटल्यात इदाल्गोनेच हा आकडा साडेतीनशेच्या आसपास सांगितला. लेखात ते आता जोडलं आहे. 'एका ओळीत उरकलं' ही आपली तक्रार माल्दोनादोबद्दल होती, पण इथे तर माझी ती एक ओळही नव्हती.