बाई ओळखतात, फोन ओळखत नाही

काल सकाळी साडेदहापासून डोकं तापलंय, अजून उतरलं नाही. धाकट्या बहिणीला घेऊन गावातल्या अंगणवाडीत गेले होते, टीएचआर म्हणजे बाळंतिणीला घरी न्यायला मिळणारा आहार आणायला. पाकिटं आलेली होती, टेबलावर समोर दिसत होती. तिचं नाव यादीत होतं. अंगणवाडीच्या बाईंनी, म्हणजे सेविकेने, स्वतः निरोप पाठवून बोलावलं होतं. तरी आम्ही रिकामी पिशवी घेऊन घरी आलो, कारण फोन म्हणाला, चेहरा जुळत नाही.

बाईंनी फोन तिच्या तोंडासमोर धरला. "पापणी मिट गं. उघड. परत मिट. हलू नको." नाही झालं. "इथे अंधार आहे, दारात ये." दारात गेलो. तिथे तोंडावर ऊन आलं, तर फोटो पांढराफटक. मग रेंज गेली म्हणून सगळे बाहेर, पाराजवळ. तिथे बाई म्हणाल्या, स्कार्फ काढ. तीन महिन्यांची बाळंतीण, कानाला वारा लागू नये म्हणून आईने घट्ट बांधून पाठवलेला स्कार्फ, तो भर रस्त्यात सोडला. केस मोकळे झाले ते परत मागे बांधले. बाळ माझ्या हातात रडून लालेलाल, त्याला दूध हवं होतं, आणि त्याची आई रस्त्यावर उभी राहून एका मोबाइलसमोर डोळे मिचकावत होती. पाराच्या कट्ट्यावर चार पुरुष बसलेले, बघत होते. सात वेळा केलं. मी मोजलं. सातव्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मीच म्हटलं, बास.

कशाशी जुळवत होते तिचा चेहरा? आधारवरच्या फोटोशी. तो फोटो काढला तेव्हा ती आठवीत होती. दोन वेण्या, गालावर पुटकुळ्या, शाळेच्या व्हरांड्यात कॅम्प लागला होता तेव्हाचा. आज ती तेवीस वर्षांची आहे. मधे लग्न झालं, बाळंतपण झालं, हिमोग्लोबिन नऊवर आलंय, डोळ्यांखाली काळं झालंय. बाईचा चेहरा बाळंतपणात बदलतो हे कुठल्याही आजीला विचारा. आणि ही योजना बाळंतिणींसाठीच आहे!

सगळ्यात जास्त काय लागलं सांगते. ह्याच बाईंच्या हाताखाली धाकटी अंगणवाडीत बसलीय. ह्याच खोलीत, तेव्हा पत्रे होते, आता स्लॅब आहे. उपमा खायची नाही म्हणून बाई तिला मांडीवर घेऊन भरवायच्या. तिला कोणत्या कुशीवर झोप लागायची हेही त्यांना माहीत. वीस वर्षं तो चेहरा बघितलेली बाई समोर उभी आहे, आणि तिच्या ओळखीला किंमत शून्य. बाईंना विचारलं, तुम्ही सही करून द्या की. तर म्हणाल्या, "अगं, फोटो पडल्याशिवाय वाटप दाखवताच येत नाही. दिलं तर माझ्या अंगावर येतं." १ जुलै २०२५ पासून हे चेहऱ्याचं सक्तीचं केलंय. त्याआधी वहीवर सही घेऊन पाकीट मिळत होतं.

बाईंवर माझा राग नाही, हे स्पष्ट लिहिते, कारण अशा वेळी लोक त्यांनाच शिव्या घालून मोकळे होतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारचे मोबाइल परत नेऊन दिले होते. फोन तापतात, अडकतात, ॲप (तेव्हा तरी) इंग्रजीत, आम्ही भरायचं कसं, हे त्या तेव्हापासून ओरडून सांगतायत. काल आमच्या बाईंनी धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंड फिरवून आत गेल्या. त्यांना काय आनंद होतो का पाकीट परत कपाटात ठेवायला?

बरं, हे एका दिवसाचं दुखणं नाही. धाकटी सातव्या महिन्यात माहेरी आली. आता बाळ तीन महिन्यांचं. पाच महिने होत आले, एक पाकीट घरात आलेलं नाही. का, तर नाव सासरच्या अंगणवाडीत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही काय कालची गोष्ट आहे का? महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे की ओटीभरण झालं की पोरगी आईकडे जाते. पण हिचं नाव इकडे यायला सासरच्या बाईंनी तिकडून फोनवरून सोडायचं, मग इकडच्या बाईंनी घ्यायचं. तिकडच्या बाई आजारी म्हणून रजेवर, त्यांचं काम शेजारच्या अंगणवाडीकडे. दाजी दोनदा जाऊन आले. नाव इकडे आलं तेव्हा बाळाचं बारसं होऊन गेलं होतं. पोटात बाळ असतानाचे ते शेवटचे दोन महिने, जेव्हा खरी गरज होती, ते गेलेच.

नाव आलं तर केवायसी. केवायसीचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर आमच्या वडिलांचा जुना, चार वर्षांपूर्वी बंद पडलेला. पोस्टमनने घरी येऊन नवा नंबर जोडून दिला, त्याचं मात्र भलं होवो, उन्हातून सायकल मारत आला होता. पण फोटो घरी बदलत नाही. त्यासाठी तालुक्याच्या आधार केंद्रावर स्वतः जायचं. बावीस किलोमीटर, टोकन घ्यायचं, रांगेत बसायचं, तान्ह्या बाळाला घेऊन. एसटी दिवसातून तीनदा.

आणि एवढी मरमर किती पैशांसाठी? गरोदर आणि स्तनदा मातेच्या आहारासाठी २०१७ साली सरकारने जो दर ठरवला तो रोजचा साडेनऊ रुपये. साडेनऊ! आमच्या स्टँडवर त्यात चहासोबत बिस्किटाचा पुडाही येत नाही. त्या साडेनऊ रुपयांची चोरी होऊ नये म्हणून बाळंतिणीचं तोंड तपासायचं. म्हणे बोगस लाभार्थी पकडायचे आहेत. बोगस नावं यादीत घालतं कोण? तीन महिन्यांचं पोर कडेवर घेऊन आलेली बाई? ठेका, गोदाम, गाडी, वजनमाप, तिथे कुणी पापण्या मिटायला सांगतं का कुणाला?

मातृवंदनेचं, म्हणजे बाळंतिणीला पैसे देणाऱ्या सरकारी योजनेचं, तर विचारूच नका. पहिल्या हप्त्याचे तीन हजार "जमा झाले" असा मेसेज आला. सासरच्या खात्यात बघितलं, नाही. चार चकरा मारल्यावर कळलं, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि हिचं आधार जोडलेलं होतं कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या खात्याला. ते खातं व्यवहार नाही म्हणून गोठवलेलं. ते सुरू करायला परत केवायसी, आणि आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, पॅनवर तिसरंच. लग्नाचा दाखला आणा. दाखल्याची झेरॉक्स आणा. ओरिजिनल पण आणा. साहेब जेवायला गेलेत. सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या. हे "सोमवारी या" ऐकलं की माझ्या अंगाची लाही होते. मागे लाडक्या बहिणीच्या केवायसीला आई आणि मी रात्री दोन वाजेपर्यंत ओटीपीची वाट बघत बसलो होतो, पहाटे आई फोन हातात धरूनच झोपली.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलंय की गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६००० रुपये. ही मातृवंदना योजना आली २०१७ ला, पहिल्या बाळाला ५००० केले. दुसऱ्या बाळंतपणाला ६०००, पण मुलगी झाली तरच. आमच्या शेजारच्या वहिनींना दुसरा मुलगा झाला. त्यांना काही नाही. मुलगा झाला म्हणून त्या बाईच्या अंगातलं रक्त भरून येतं का आपोआप? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. त्या काय सगळ्या मुलींच्याच आया होत्या?

आमचं तरी बरं. घरात ज्वारी आहे, दारात शेवगा आहे, आई रोज डिंकाचा लाडू देते, धाकटी उपाशी झोपणार नाही. मला सारखी आठवण येते ती ऊसतोडीच्या बायकांची. दसरा-दिवाळीनंतर बीडकडून निघतात, सहा महिने कारखान्याच्या फडावर, पोटुशी असली तरी मोळ्या उचलतात. त्यांचं नाव कुठल्या अंगणवाडीतून कुठल्या अंगणवाडीत जाणार? ओटीपी कुणाच्या फोनवर येणार? उन्हाने काळवंडलेला, वाळलेला चेहरा कुठल्या फोटोशी जुळणार? ज्या बाईला पाकीट सगळ्यात जास्त हवं, तिचाच चेहरा सगळ्यात आधी नापास होणार.

घरी येताना धाकटी म्हणाली, "जाऊ दे ताई, नको ते पाकीट. परत नाही जायचं मला तिथे उभं राहायला." तिथे मला रडू आलं. कारण आता तिचं नाव कुठेतरी "लाभ घेतला नाही" म्हणून लागेल. मग वर बसलेला कुणीतरी म्हणेल, बघा, नावं कमी झाली, बोगस होती ती गळाली.

बाळंतपणानंतर सहाच महिने मिळतो हा आहार. तीन गेले. मी मंगळवारी रजा टाकलीय. पहिल्या एसटीने आधार केंद्र, टोकन घेऊन फोटो, तिथून सरळ अंगणवाड्यांचं प्रकल्प कार्यालय. अर्ज रात्रीच लिहून ठेवलाय, दोन प्रतींत: पाच महिन्यांचा आहार का मिळाला नाही, आणि फोटो अपडेट होईपर्यंत सेविकेच्या ओळखीवर का देत नाही, ते लेखी सांगा. बाळाचं दुपटं, दुधाची बाटली, पाण्याचा तांब्या सगळं घेऊन जाणार आहोत. दुसऱ्या प्रतीवर तारीख घालून शिक्का आणि पोच मिळाल्याशिवाय तिथल्या बाकावरून उठणार नाही.