‘जेसीबी आठ दिवसांत येते, ऑपरेटरला युनियन कशाला?’ या मेसेजला माझं उत्तर

पंधरा दिवसांपासून नागपुरातल्या आमच्या ऑपरेटर लोकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला. जेसीबी-पोकलेनसारखी खोदायची मशीन आठ दिवसांत शिकता येते, लायसन आरटीओ देतेच मग ट्रेनिंग कशाला, युनियन म्हणजे वर्गणी घेणं न काम बंद पाडणं, आणि अमेरिकेतली ऑपरेटर युनियनसुद्धा माणसं पुरवणारी दलालच, असं त्यात लिहिलंय. सोळा वर्षांपासून मशीनवर आहे, हेल्परपासून सुरुवात केली, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आठ दिवसांत लिव्हर येतात, हे खरं आहे. बकेट भरणं, फिरवणं, टिपरमध्ये टाकणं, हुशार पोरगं असलं तर सहा दिवसांत करते. पण भाऊ, आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी वाटते न पहिल्या पावसात फुगते, तिच्यात सरळ उभा चर खणला की बाजू कधी ढासळेल ते लिव्हर सांगत नाही. एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते, त्यात छातीपर्यंत दबलेला माणूस चार जणांनी ओढूनही निघत नाही. म्हणून काढलेली माती काठावर टाकायची नाही, मशीनही काठापासून लांब उभी करायची, हे कोणीतरी शिकवावं लागतं.

हायड्राचं, म्हणजे सामान उचलायच्या क्रेनचं, तसंच. १४ टन लिहिलंय म्हणून कुठेही १४ टन उचलत नाही, बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, बाहेर जाईल तशी ताकद घटत जाते, किती घटते ते लोड चार्टवर असते, आणि तो चार्ट वाचता येणारे आपल्यात किती आहेत ते आपल्यालाच माहीत.

एका साइटवर माझ्यासमोर टिपरची ट्रॉली वर करताना ११ केव्हीच्या विजेच्या तारेला लागली. ड्रायव्हरला काहीच झालं नव्हतं, तो केबिनमध्ये बसून राहिला असता तर वाचला असता. घाबरून उतरला, एक हात दरवाजाला, पाय जमिनीवर, तिथंच गेला. लाइन बंद होईपर्यंत आत बसायचं, आग लागली तरच दोन्ही पाय जोडून उडी मारायची, मशीन न जमीन एकाच वेळी धरायची नाही आणि मग पाय जोडूनच दूर सरकायचं, हे सांगायला पाच मिनिटं लागतात. त्याला ती पाच मिनिटं कोणी दिली नव्हती. आजही रात्री आठवते.

लायसनचं सांगतो. आरटीओ पाहते ते रस्त्यावर गाडी कशी चालवता ते, खोदता कसं ते नाही. चेनवाली पोकलेन तर रस्त्यावर चालतच नाही, ट्रेलरवर येते.

आता वर्गणी. काही पुढारी पावती फाडून वर्षभर तोंड दाखवत नाहीत, हे मीही पाहिलं, चीडही येते. पण नोंदणी असलेल्या युनियनला दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, तो मागा. आणि युनियनचा पैसा कशावर खर्च करता येतो याची यादी १९२६ च्या ट्रेड युनियन ॲक्टमध्येच दिली होती, त्यात सभासदांचं शिक्षणही होतं, म्हणजे ट्रेनिंग ही काही नवीन कल्पना नाही.

काम बंदचं म्हणाल तर बांधकाम कामगारांसाठीच्या केंद्राच्या १९९८ च्या नियमांत दिवसाला ९ तास न आठवड्याला ४८ तासांच्या वर दुप्पट ओव्हरटाइम लिहिला होता. आपण चौदा-चौदा तास मशीनवर बसतो. एकट्यानं दुप्पट मागितला तर उद्या सीटवर दुसरा दिसतो. कोळशात पाहा, वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालय इथंच सिव्हिल लाइन्सला आहे, तिथल्या परमनंट शॉव्हेल-डंपर ऑपरेटरला २०२३ च्या वेतन करारात किमान १९ टक्के वाढ मिळाली, कारण समोर टेबलावर युनियन बसल्या होत्या.

अमेरिकेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. तिथली इंटरनॅशनल युनियन ऑफ ऑपरेटिंग इंजिनिअर्स १८९६ मध्ये शिकागोत सुरू झाली, स्टीम बॉयलर चालवणाऱ्यांनी केली, आज चार लाखांच्या आसपास सभासद आहेत. ती कामावर माणसं पाठवते हे बरोबर आहे, पण दलाल तुमच्या मजुरीतून आपला वाटा काढतो, न तिथं युनियनमध्ये मजुरीचा रेट आधीच करारात ठरलेला असतो. नवीन पोरगं तीन-चार वर्षं पगार घेत शिकते, शिकत जाईल तसा पगार चढतो. ट्रेनिंगचा खर्च ठेकेदाराकडून कामाच्या दर तासामागे फंडात जमा होतो, आणि तो फंड युनियन न ठेकेदार दोघं मिळून चालवतात. असं काहून? कारण ऑपरेटर आज या साइटवर, दोन महिन्यांनी दुसऱ्या ठेकेदाराकडे. ज्याच्याकडे तो टिकणार नाही तो ठेकेदार एकट्यानं त्याला शिकवायला पैसा काहून घालेल? आपल्याकडेही बुटीबोरीतून मिहान, मिहानमधून उमरेड, हेच चालते. साइट बदलली तरी माणसासोबत राहते ती फक्त युनियन.

ज्या पोरानं मला हा मेसेज पाठवला तो हायड्रा चालवतो. त्याला फोन करून विचारलं, तुझ्या केबिनमधला चार्ट वाचून दाखव. म्हणे काका, चार्टच नाही, आधीच्यानं त्यावर स्टिकर लावलं. माझ्या मशीनच्या चार्टचा फोटो त्याला पाठवून चालत नाही, मॉडेल वेगळं की चार्ट वेगळा. त्याला मॉडेल नंबर काढून ठेवायला सांगितलं, रविवारी दोघं मिळून डीलरकडून मागवतो, न तो येईपर्यंत बूम बाहेर काढून काही उचलू नको म्हटलं.