ऑब्सिडियन म्हणजे पटकन गार झालेला बेसाल्ट? नाही हो

एक पोस्ट सगळीकडे फिरतेय की ऑब्सिडियन (ज्वालामुखीतून येणारी काळी नैसर्गिक काच) आणि बेसाल्ट (लाव्ह्यापासून बनणारा काळा खडक) हे मुळात एकच, लाव्हा पाण्यात पडून झटक्यात गार झाला की ऑब्सिडियन, हवेत निवांत गार झाला की बेसाल्ट, दोन्ही काळे हा पुरावा, आणि शास्त्रज्ञ त्यांना नुसत्या चकाकीवरून वेगळी नावं देतात. वाचताना पटतं, पण जवळपास सगळं चुकलंय.

आधी "मुळात एकच" हे घेऊ. बेसाल्टमध्ये सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग, साधारण ४५ ते ५२ टक्के आणि लोह-मॅग्नेशियम भरपूर, तर ऑब्सिडियन बहुतेक वेळा रायोलाइट या दुसऱ्या ज्वालामुखी खडकाच्या घडणीचा, म्हणजे सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास किंवा पुढे आणि लोह-मॅग्नेशियम किरकोळ. आता बेसाल्टचा लाव्हा कितीही झटक्यात गार करा, त्यातली सिलिका वाढणारे का? काच होते त्याचीही, समुद्रतळावरच्या पिलो लाव्हावर (उशीसारख्या गोळ्यांच्या लाव्हावर) तिचा पातळ थर असतो, पण तिला टॅकिलाइट किंवा सिडरोमेलेन म्हणतात.

फरक जन्मापासूनच आहे. प्रावरणातला, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातला, खडक वर सरकताना दाब कमी होतो आणि तो थोडासा वितळतो, त्यातून बेसाल्टचा मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) येतो. रायोलाइटचा मॅग्मा मात्र एकतर अशाच मॅग्मातून लोह-मॅग्नेशियमवाली खनिजं आधी स्फटिक होऊन बाजूला पडत गेली की उरलेल्या द्रवातून बनतो, नाहीतर खंडाचं कवचच वितळून, आणि बऱ्याचदा दोन्ही मिळून.

पाण्याचं म्हणाल तर एका गाजलेल्या गेममध्ये लाव्ह्यावर पाणी पडलं की ऑब्सिडियन बनतो, बहुतेक तिथूनच हे डोक्यात बसलंय. २०११-१२ मध्ये चिलीतल्या कोर्दोन काउये ज्वालामुखीतून ऑब्सिडियनचा लाव्हा पाण्यात नाही, उघड्या जमिनीवर वाहताना लोकांनी पाहिलाय, आणि तो इतका घट्ट की सरकायचा अगदी रांगत. हा घट्टपणाच काच होण्याचं खरं कारण. सिलिका जास्त असली की वितळलेल्या द्रवातच तिच्या साखळ्या एकमेकांत अडकतात, अणूंना हलून रांगेत बसायला वावच मिळत नाही, त्यामुळे स्फटिक न होता काच राहते. गार होण्याच्या वेगाचा संबंधच नाही असं नाही, त्याच प्रवाहाचा आतला, हळू गार झालेला भाग बऱ्याचदा स्फटिकांचा रायोलाइट होतो. रायोलाइट, बेसाल्ट नाही!

काळ्या रंगाचा पुरावा तर फारच कच्चा. ऑब्सिडियनमध्ये मॅग्नेटाइटसारख्या लोहाच्या खनिजांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात, एवढ्यानेच काच काळी दिसते. पातळ कड उजेडासमोर धरा, आरपार धुरकट दिसेल, बेसाल्टची दिसणार नाही. वजनातही ऑब्सिडियन हलका, घनता साधारण २.४ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, बेसाल्टची २.८ ते ३.

राहिली चकाकी. इथे पोस्ट अर्धी बरोबर आहे, कारण ऑब्सिडियन हे नाव खरंच काचेसारख्या पोतावरून पडलंय. पण बेसाल्ट ठरतो घडणीवरून. खनिजं ओळखता येत असतील तर त्यांचं प्रमाण मोजतात, आणि काच असेल किंवा कण फारच बारीक असतील तर केमिकल अ‍ॅनालिसिस करून टीएएस (टोटल अल्कली-सिलिका) आलेख वापरतात, आडव्या अक्षावर सिलिका, उभ्यावर सोडियम आणि पोटॅशियम ऑक्साइडची बेरीज. त्यात नेहमीचा ऑब्सिडियन टाका, तो उजवीकडे रायोलाइटच्या रकान्यात जातो, आणि तिथून बेसाल्टपर्यंत यायला मधे डेसाइट, अँडेसाइट, बेसाल्टिक अँडेसाइट असे तीन रकाने ओलांडावे लागतात.