"टाईट मारलंय शेठ, काय नाय होत"

अरे बोटीचं काम करणाऱ्या फिटर लोकांनो, नांगराची साखळी जोडायची ती शॅकल, म्हणजे पिनवाली कडी, तिच्या पिनच्या टोकाला ते भोक कशाला असतं माहितीये का? शोभेला नाय ठेवलंय ते. त्यातून तार ओवायची आणि शॅकलच्या अंगाला पिळून बांधायची म्हणून ठेवलंय. वीतभर तार, पण ती बांधणार नाय म्हणजे नाय, सांगितलं तर वर तोंड करून म्हणणार "टाईट मारलंय शेठ, काय नाय होत". आणि फारच मागे लागलं तर प्लास्टिकचा केबल टाय लावून मोकळे, जो दोन महिन्यांच्या उन्हात कडक होऊन कटकन तुटतो.

टाईट मारलंय म्हणे! हर्णैला बोट काय गोदीत निवांत बांधलेली असते का, उघड्यावर नांगरावर असते, भरतीला तोंड एकीकडे ओहोटीला दुसरीकडे, वरून लाटेचे हिसके, साखळी रात्रभर घासते, फिरते आणि पिनचे आटे हळूहळू सुटत जातात. त्याला वादळ लागत नाय. वारा वाढला की आंजर्ल्याच्या खाडीत पळायचं हे पोराटोरांना पण माहितीये, पण साध्या रात्री पिन गळून पडली आणि बोट शेजारच्याच्या बोटीवर जाऊन आदळली की भरपाई कोण देणार, फिटर?

आणि तो नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा क्लीट, दोर बांधायचा खुंट, तो तर डोक्यातच जातो. सगळ्या बोटीचा ओढा ज्याच्यावर, त्याला खाली रुपयाएवढा वायसर!! वरनं बघाल तर काय मस्त, चकाचक. खाली टॉर्च मारला तर वायसर फायबरमध्ये रुतलेला, भोवती चिरा, आणि चिरेतून पाणी जाऊन आतलं प्लायवूड बोटाने उकरलं तरी येतंय. आता आवळ कितीही, कुजलेल्या लाकडात काय घंटा पकड येणार. खाली क्लीटपेक्षा मोठी जाड प्लेट टाकायची, भोकात सीलंट भरायचं, नायलॉक नट लावायचा, ज्याच्या आतली नायलॉनची रिंग त्याला सैल होऊ देत नाय, झालं, याला काय इंजिनियर लागतो? बरं नायलॉक लावतात तोपण जुना, काढलेला, आतली रिंग झिजून गेलेली. नवीन नटाचे पैसे मात्र बिलात बरोब्बर!

दुकानदार त्याच्या वरताण. मरीन ग्रेडचा, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणारा स्टेनलेस स्टीलचा बोल्ट मागितला की लोहचुंबक लावून दाखवतो, "बघा, चिकटत नाय, ओरिजिनल". अरे बाबा, स्टेनलेसमधला साधा ३०४ पण सहसा चिकटत नाय आणि मरीनवाला ३१६ पण नाय, चुंबकाने काय कळणार कपाळ? ३१६ मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो म्हणून ते खाऱ्या पाण्यात जास्त टिकतं. बोल्टच्या डोक्यावर कोरलेलं असतं, ए२ म्हणजे ३०४ वाला, ए४ म्हणजे ३१६ वाला, वाचायला काय जातं? तो ए२ वाला डोक्याला चकचकीत राहतो आणि डेकच्या आत, जिथे पाणी कोंडून बसतं, तिथे खड्डे पडून बारीक होत जातो. कळतं कधी, तर डोकं हातात आल्यावर.

काल परत फोन केला फिटरला. म्हणतो १ जूनला मासेमारीबंदी लागली की बोट वर काढालच ना, तेव्हा बघू निवांत. म्हणजे तोवर मी काय दोर हातात धरून बसू??